व्हर्च्युअल मशीन

व्हर्च्युअल मशीन म्हणजे प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरच्या आधारे उभा केलेला दुसरा, स्वतंत्र संगणक. विंडोज चालू असतानाच तिच्या एका खिडकीत लिनक्स किंवा फ्रीबीएसडी चालवता येते. ड्युअल बूटप्रमाणे (एकाच संगणकावर दोन प्रणाली बसवून सुरुवातीला एक निवडण्याच्या पद्धतीप्रमाणे) दर वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागत नाही. मूळ यंत्राला होस्ट, आत चालणाऱ्या प्रणालीला गेस्ट आणि या दोहोंमधील व्यवस्थापकाला हायपरव्हायजर म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्ससारखे हायपरव्हायजर एखाद्या ऑपरेटिंग सिस्टीमवर इतर प्रोग्रॅमप्रमाणे बसवतात, तर ईएसएक्सआय किंवा झेन थेट यंत्रावर चालतात.

प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम संपूर्ण यंत्र आपल्याच ताब्यात आहे असे गृहीत धरून लिहिलेली असते, आणि खरी अडचण तेथेच आहे. गेस्टच्या बहुतेक सूचना प्रोसेसर थेट पार पाडतो, म्हणूनच तिचा वेग मूळ यंत्राच्या जवळपास राहतो. मात्र मेमरीची मांडणी बदलणे, इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारे उपकरणांचे संकेत) रोखणे अशा विशेषाधिकाराच्या सूचना आल्या की प्रोसेसर थांबून नियंत्रण हायपरव्हायजरकडे देतो; तो त्या सूचनेचा परिणाम केवळ त्या गेस्टपुरता घडवून काम पुढे चालू करतो. ही पद्धत आयबीएमने 1960 च्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांवर विकसित केली आणि 1972 मध्ये व्हीएम/370 या नावाने ग्राहकांसाठी जाहीर केली. 1974 मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा यंत्रासाठी प्रोसेसरने कोणती अट पाळली पाहिजे, हे काटेकोरपणे मांडले: यंत्राच्या स्थितीला हात घालणारी प्रत्येक सूचना हायपरव्हायजरकडे गेलीच पाहिजे.

घरोघरी पोहोचलेले एक्स86 प्रकारचे (इंटेल आणि एएमडीचे) प्रोसेसर नेमकी तीच अट पाळत नव्हते. उदाहरणार्थ, पॉपएफ ही सूचना पुरेसा अधिकार नसताना दिली, तर इंटरप्टची स्थिती बदलण्याची विनंती कोणतीही तक्रार न करता सोडून दिली जाई आणि हायपरव्हायजरला त्याचा पत्ताही लागत नसे. 1999 मध्ये व्हीएमवेअरने अशा सूचना चालवण्यापूर्वीच हुडकून त्यांचे रूपांतर करण्याचा मार्ग काढला, आणि वैयक्तिक संगणकाच्या दृष्टीने हाच या इतिहासातील सर्वांत कल्पक टप्पा मानावा लागेल. 2003 मध्ये झेनने गेस्ट प्रणालीतच बदल करण्याचा पर्याय निवडला. पुढे इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये प्रोसेसरमध्येच अशा सूचना हायपरव्हायजरकडे सोपवण्याची सोय केली, तर 2007 मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायजर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, समाविष्ट झाला. ही सोय काही संगणकांवर बायोसमधून (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूलभूत सेटिंगमधून) चालू करावी लागते.

वापरताना पहिली मर्यादा जाणवते ती मेमरीची. 8 गिगाबाइट मेमरीच्या संगणकावर गेस्टला 4 गिगाबाइट दिल्यास होस्टला उरलेल्या निम्म्यात भागवावे लागते. गेस्टची डिस्क ही होस्टवरची एक फाइल असते, त्यामुळे संपूर्ण प्रणाली दुसऱ्या संगणकावर नेणे सोपे होते. प्रयोगापूर्वी स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवल्यास बिघडलेली प्रणाली त्या स्थितीत परत आणता येते. परंतु स्नॅपशॉट मूळ डिस्कफाइलवर अवलंबून असतो, म्हणून त्याला बॅकअप समजणे धोक्याचे आहे. गेस्टचा प्रोसेसर प्रकार होस्टचाच असावा लागतो: एआरएम या वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरच्या यंत्रावर एक्स86 ची विंडोज चालवायची तर क्यूईएमयूसारख्या एम्युलेटरकडून प्रत्येक सूचनेचे भाषांतर करून घ्यावे लागते आणि वेग बराच घटतो.

एका गेस्टमधील बिघाड होस्टपर्यंत किंवा शेजारच्या गेस्टपर्यंत पोहोचू नये, हा या रचनेचा मोठा लाभ असल्याने संशयास्पद प्रोग्रॅमचा अभ्यास बहुधा अशा यंत्रातच केला जातो. तरीही ही भिंत अभेद्य नाही. 2015 मध्ये उघडकीस आलेला व्हेनम हा दोष क्यूईएमयूच्या आभासी फ्लॉपी नियंत्रकात होता आणि त्यातून गेस्टमधील हल्लेखोराला होस्टवर कोड चालवण्याची वाट मिळू शकत होती. म्हणून अशा अभ्यासाच्या वेळी सामायिक फोल्डर, क्लिपबोर्ड आणि नेटवर्कची जोडणी बंद ठेवतात, तसेच नको असलेली आभासी उपकरणे काढून टाकून हायपरव्हायजर अद्ययावत ठेवतात.