जिथे लाट फुटत नाही

अलिबागच्या किनाऱ्यावर सकाळी नऊला पोहोचलो, तेव्हा पूर्ण ओहोटी होती. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडे चालत जाणाऱ्या माणसांची रांगच लागली होती, पाणी जेमतेम घोट्याएवढं. जाळं सांधत बसलेल्या एका कोळी काकांना विचारलं, "परतायला किती वेळ आहे?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आज चौथ ना? मग तीनला भरती. अकराच्या आत इकडं या."

हा हिशोब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते, त्यातून हे पाऊण तासाचं गणित आलंय. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, म्हणून निघण्यापूर्वी जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावंच.

पण काकांनी तीनच्या भरतीसाठी अकराची मुदत का दिली? कारण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती हे साधारण सहा तास. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात नि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांत येतं. नऊला ओहोटी असेल तर ते तास ११ ते १. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. त्या दिवशीचा फरक चार मीटर धरला, तरी दोन तासांत दोन मीटर पाणी चढणार, माणूस बुडेल एवढं. किल्ल्यात फोटो काढत रेंगाळणाऱ्यांना हे कळतं ते परतीच्या वाटेवर.

दुसरा धोका मात्र डोळ्यांना फसवतो. लाटांच्या पांढऱ्या फेसाच्या रांगेत मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसतो. लहान मुलांना घेऊन लोक नेमके तिथेच उतरतात, आणि ते पाहताना माझ्या पोटात गोळा येतो. लाट उथळ पाण्यात फुटते. जिथे फुटत नाही, तिथे खाली खोल आहे. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि पाण्याखालच्या वाळूच्या बांधातल्या अशाच खिंडीतून समुद्राकडे धावतं. हा उलटा प्रवाह जोरात असला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मागे टाकतो. गढूळ पाणी किंवा फेस समुद्राकडे सरकताना दिसला, तर तिथे पाऊल टाकू नका.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, समुद्रात आत नेतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याच्या दिशेने झुंजून दमल्यामुळे. प्रवाहाचा पट्टा बहुधा काही मीटर ते काही दहा मीटर रुंद असतो आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे त्याचा जोर ओसरतो. म्हणून किनाऱ्याला समांतर पोहायचं, पट्ट्यातून बाजूला पडलं की लाटांसोबत तिरकं परत यायचं. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून मदत मागायची. आणि काठावरच्यांनो, कळवळून उडी घेऊ नका. वाचवायला गेलेलेच अनेकदा बुडतात. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, ट्यूब, दोरी, जे हाती लागेल ते फेका, जीवरक्षकाला हाक मारा, ११२ ला फोन करा.

वाळूवर गाडी नेण्याचा हट्टही सोडायला हवा. ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती थांबत नाही, हे तर आहेच. पण वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वर खड्डा करून शंभरेक अंडी घालतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. चाकाखाली वाळू दबून घट्ट झाली, तर त्यांना ती उकरता येत नाही. वर आलेलं पिल्लू जेमतेम चार सेंटीमीटरचं. टायरच्या चाकोरीत पडलं की त्याला कड चढता येत नाही, ते चाकोरीतूनच चालत राहतं. समुद्र वीस पावलांवर असतो, आणि कावळे त्याहून जवळ.