रोलिंग रिलीजमधला कर्नल आणि स्थिरता

रोलिंग रिलीज म्हणजे मोठी व्हर्जनं न काढता सतत अपडेट होत राहणारी ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्सच्या डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे तयार बांधून दिलेल्या लिनक्स सिस्टिमांमध्ये, आर्च, जेंटू, व्हॉइड, ओपनसुसे टंबलवीड ही नेहमीची नावं. पद्धत सुरू कुणी केली यावर एकमत नाही. बरेच जण २००२ च्या सुमाराचे आर्च-जेंटू सांगतात, पण डेबियन या जुन्या डिस्ट्रोची अनस्टेबल शाखा त्याआधीपासून अशीच वाहती होती, फक्त ती तयार माल म्हणून कुणी पुढे केली नव्हती, तेव्हा मूळ तिथलं धरणं जास्त पटतं.

खरा घोळ 'स्टेबल' या शब्दाचा. डिस्ट्रोवाल्यांचं स्टेबल म्हणजे न बदलणारं, वापरणाऱ्याला ऐकू येतं न अडकणारं, आणि कर्नलवाल्यांचं, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांचं, तिसरंच. आधी कर्नलच्या नंबरातला दुसरा आकडा सम तर स्टेबल, विषम तर प्रयोगाचा असा हिशोब होता, म्हणजे २.४ वापरायचा आणि २.५ वर खटपट. २.६ च्या काळात तो मोडला आणि २००५ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन वगैरेंनी, आलेल्या रिलीजवर फक्त दुरुस्त्या चढवणारी स्टेबल मालिका काढली. आता दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो, जुन्याची मालिका थोड्याच दिवसांत बंद पडते, त्यामुळे एलटीएस (बराच काळ दुरुस्त्या मिळत राहणारा कर्नल) घेतला नाही तर एका नंबरवर बसून राहायची सोयच नाही.

पण एलटीएस म्हणजे बिनघोर असंही नाही. २०२३ अखेरीस ६.१.६४ या एलटीएस कर्नलमध्ये नव्या कर्नलमधला एक पॅच (बदलाचा तुकडा) मागे आणला, त्याच्या जोडीचा राहून गेला, आणि ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर डेटा खराब व्हायची वेळ आली, डेबियनला आपलं १२.३ हे रिलीज थांबवावं लागलं. उलट २०२१ मधला नव्या ५.१२ कर्नलचा स्वॅप फाइलवाला (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) बग पहिल्या आरसीतच, म्हणजे रिलीजआधीच्या चाचणी आवृत्तीतच, पकडला गेला.

व्यवहारात लोक दोन कर्नल ठेवतात, नेहमीचा आणि एलटीएस. आर्चवर कर्नल अपडेट झाला की चालू कर्नलची मॉड्यूलं (ड्रायव्हरसारखे लागतील तेव्हा जोडले जाणारे भाग) डिस्कवरून जातात, मग रीबूटपर्यंत नवा पेनड्राइव्ह ओळखला न जाणं हे नेहमीचंच. झेडएफएस या फाइल सिस्टिमसारखी बाहेरची मॉड्यूलं नव्या कर्नलवर बिल्डच होत नाहीत असंही होतं, कारण आतला एपीआय (मॉड्यूलांनी कर्नलशी बोलायची पद्धत) स्थिर ठेवायचं कर्नलवाले मुद्दामच कबूल करत नाहीत. टंबलवीड ओपनक्यूए या साधनाची आपोआप चाचणी आणि बीटीआरएफएस फाइल सिस्टिमचे स्नॅपशॉट (आधीच्या स्थितीवर परतायची सोय) यांवर भर देतं. स्नॅपशॉटची एक खोच आहे, कर्नल वेगळ्या बूट पार्टिशनवर असेल तर रूट (बाकीची सिस्टिम) मागे जातो, कर्नल नवाच राहतो, आणि मॉड्यूलं जुळत नाहीत.