रोमन लीजनमध्ये माणसे किती?

लीजन म्हणजे रोमन सैन्याचे मोठे पथक. प्रश्न साधा आहे, पण प्राचीन ग्रंथकारांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. पॉलिबियस ४,२०० पायदळ आणि ३०० घोडेस्वार सांगतो. व्हेजेटियस ६,१०० पायदळ आणि ७२६ घोडेस्वार सांगतो. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

पॉलिबियस इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक. मायदेशी घोडदळाचा अधिकारी होता, पुढे ओलीस म्हणून रोममध्ये आला, आणि इ.स.पूर्व १४६ मध्ये कार्थेज पडले तेव्हा सेनापती स्किपिओच्या जवळ होता. व्हेजेटियस त्याच्यानंतर सुमारे साडेपाचशे वर्षांनी लिहितो, ते जुन्या पुस्तकांतून वेचून. शिवाय त्याला सम्राटाला पटवायचे आहे की पूर्वीची फौज आजच्यापेक्षा सरस होती. ज्या ‘जुन्या’ लीजनचे तो वर्णन करतो ती कोणत्या काळातली, हे मात्र तो सांगत नाही.

एवढे वाचून व्हेजेटियसला बाद करावेसे वाटते. पण त्याचे एक विधान पाहा. लीजनच्या दहा कोहोर्टपैकी (म्हणजे तुकड्यांपैकी) पहिली इतरांच्या जवळपास दुप्पट असे, असे तो म्हणतो: पहिलीत १,१०५ पायदळ, बाकीच्यांत ५५५. स्कॉटलंडमध्ये इंचटुथिल येथे लीजनचा एक तळ खणला गेला. इ.स. ८० च्या दशकात बांधायला घेतलेला आणि काम पुरे होण्याआधीच सोडून दिलेला. तिथे नऊ कोहोर्टना प्रत्येकी सहा बरॅकी होत्या, पहिलीला दहा. म्हणजे पहिली कोहोर्ट मोठी होती हे खरे, पण व्हेजेटियसच्या आकड्यांना जमिनीने दुजोरा दिलेला नाही.

ज्यू इतिहासकार जोसेफसची गत उलटी. इ.स. ६७ मध्ये तो रोमनांच्या कैदेत सापडला आणि नंतर त्यांच्याच छावणीत वावरला. लीजनबरोबर १२० घोडेस्वार असत, हा त्याचा आकडा अभ्यासक व्हेजेटियसच्या ७२६ पेक्षा अधिक भरवशाचा मानतात. हाच गृहस्थ जेरुसलेमच्या वेढ्यात ११ लाख माणसे मेली असे बिनदिक्कत लिहितो! छावणीतले १२० घोडेस्वार नजरेत मावतात, वेढ्यातले मृत मावत नाहीत. म्हणून माझ्या मते लेखकाला एकदाच गुण देऊन मोकळे होण्यात अर्थ नाही. प्रत्येक विधान वेगळे तपासायला हवे: हे त्याला कुठून कळले असेल, आणि फुगवून सांगण्यात त्याचा काय फायदा?

बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मराठी वाचकाला नवा नाही. रोमन सैन्याचे असे अस्सल कागद उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलँडा किल्ल्यात सापडले. कागद कसले, शाईने लिहिलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या. त्यांतली एक इ.स. ९० च्या दशकातली, तुंग्रियन लोकांच्या पहिल्या कोहोर्टची (लीजनबाहेरच्या साहाय्यक तुकडीची) हजेरी आहे. तारीख १८ मे. पटावर ७५२ माणसे, त्यांत सहा सेंचुरियन, म्हणजे शंभराच्या आतल्या गटाचे नायक. गैरहजर ४५६: त्यांपैकी ३३७ कोरिया नावाच्या जवळच्या ठाण्यावर, ४६ गव्हर्नरच्या पहाऱ्यावर, उरलेले इकडेतिकडे. हजर २९६. त्यांतले १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. लढण्याजोगे उरले २६५.

हे लिहिणाऱ्या कारकुनाला कोणावर छाप पाडायची नव्हती. आणि त्याची आकडेवारी ग्रंथांच्या चौकटीत बसतही नाही. नेहमीच्या हिशेबात सहा सेंचुरियन म्हणजे प्रत्येकी ८० प्रमाणे ४८० माणसांची कोहोर्ट; इथे पट त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि किल्ल्यात हजर माणसे त्याहून कितीतरी कमी. ही पट्टी एकाच पलटणीची आणि एकाच दिवसाची आहे, हे खरे. तरी किल्ल्यांचे अवशेष पाहून बरॅकी मोजायच्या, ८० ने गुणायचे आणि ब्रिटनमधल्या फौजेचा आकडा काढायचा, ही जुनी सोपी रीत या एका पट्टीने अवघड करून ठेवली आहे.