प्रेक्षकभावाची घडण : लीला बेणारे

संकटात सापडलेल्या नायिकेविषयी प्रेक्षकाला काय वाटावे, हे नाटककार बऱ्याच अंशी प्रसंगांच्या क्रमातून ठरवतो : तिची कोणती बाजू आधी दिसावी, तिची गोष्ट कोणाच्या तोंडून कळावी, आणि ती स्वतः कधी बोलावी. मराठी रंगभूमीवर या कौशल्याचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातील शिक्षिका लीला बेणारे.

त्याआधीच्या नाटकांत नायिकेविषयीची कणव तिच्या निष्कलंकपणावर उभी असे. देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी मुलगी आहे, गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (१९१९) दारूच्या आहारी गेलेल्या नवऱ्याचा संसार मुकाट्याने ओढणारी सिंधू आहे. दोघींचाही काही दोष नाही, त्यामुळे प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येण्याच्या वाटेत काहीच आडवे येत नाही. बेणारेच्या बाबतीत तेंडुलकरांनी ही सोय काढून घेतली. ती अविवाहित आहे, बायकामुले असलेल्या प्राध्यापक दामल्यांपासून तिला दिवस गेले आहेत, शिवाय तिची जीभ तिखट आहे. १९६७ च्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला तिला नावे ठेवायला एवढे पुरेसे होते.

म्हणूनच पहिल्या अंकाची रचना बारकाईने पाहावी लागते. मुंबईची एक हौशी मंडळी खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आली आहे. खटला अण्वस्त्रांवरून अमेरिकेच्या अध्यक्षांवर चालायचा आहे. बाकीच्यांच्या आधी सभागृहात येतात ती बेणारे आणि गावातला साधाभोळा सामंत. दाराच्या कडीत बोट चेमटते, ती ते तोंडात घालते आणि बोलत सुटते. शाळेवर, मुलांवर तिचे प्रेम आहे. सहकाऱ्यांच्या ती एकेक करून नकला करते : पक्षकार न मिळणारे वकील सुखात्मे, इंटर नापास ‘शास्त्रज्ञ’ पोंक्षे, आणि समाजकार्याचे ओझे वाहणारे काशीकर. ही माणसे रंगमंचावर येण्याआधीच प्रेक्षक त्यांच्याकडे तिच्या नजरेने पाहू लागतो. मात्र मिसेस काशीकरांना मूल नाही, यावरही ती बोट ठेवते. हा तिचा क्रूरपणा नाटककाराने झाकलेला नाही. ती आवडते, आणि ती टोचते. दोन्ही एकाच वेळी घडते.

पुढे वेळ घालवण्यासाठी आणि सामंताला कोर्ट म्हणजे काय ते दाखवण्यासाठी एक लुटुपुटीचा खटला भरवायचे ठरते. ती आत तोंड धुवायला गेलेली असताना इतरांनी आरोपी म्हणून तिलाच निवडलेले असते, आरोप भ्रूणहत्येचा. येथून प्रेक्षकाची खरी परीक्षा सुरू होते. न्यायाधीश झालेले काशीकर कान कोरतात, साक्षीदार चुका करतात, बायको मधेच बोलते म्हणून नवरा तिला गप्प करतो, आणि सभागृह मनापासून हसते. हसता हसता प्रेक्षक त्या कोर्टाच्या बाकावर जाऊन बसलेला असतो. सामंताची साक्ष तर त्याने वाचलेल्या कादंबरीतून उचललेली आहे. दामल्यांच्या खोलीतला प्रसंग तो रचून सांगतो. पण ती बनावट साक्ष खऱ्या जागी लागते. बेणारेचा चेहरा पडतो, आणि आतापर्यंत करमणूक म्हणून ऐकलेले सगळे प्रेक्षकाला मागे जाऊन पुन्हा ऐकावे लागते. ती निघून जायला दाराशी धावते तेव्हा बाहेरची कडी लागलेली असते.

दामले नाटकात कधीच येत नाहीत. माझ्या मते ही तेंडुलकरांची सर्वांत कठोर आणि सर्वांत योग्य निवड आहे. ते आले असते तर प्रेक्षकाचा सगळा राग त्यांच्यावर निघून गेला असता आणि खटला चालवणारी सभ्य माणसे सुटली असती.

तिसऱ्या अंकात साक्षी एकापाठोपाठ एक येतात : तिने पोंक्षेला लग्नाचे विचारले होते, काशीकरांनी सांभाळलेल्या तरुण रोकडेलाही विचारले होते, लहान वयात ती सख्ख्या मामाच्या प्रेमात पडली होती. ती ढेकणांच्या विषाची बाटली तोंडाला लावते, मंडळीतला नट कर्णिक ती उडवून देतो, आणि कामकाज चालूच राहते. शेवटी आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. ती स्तब्ध उभी राहते. प्रकाश बदलतो, बाकीची पात्रे होती तिथेच गोठतात, आणि तिचे दीर्घ स्वगत सुरू होते : मामाने घेतलेली माघार, मरण्याचा फसलेला प्रयत्न, दामल्यांना हवे असलेले फक्त शरीर, आणि त्याच शरीरात वाढणाऱ्या जिवासाठी आता जगण्याची ओढ. स्वगत संपताच पात्रे हलू लागतात, जणू कोणी काही बोललेच नाही. कोर्टाच्या लेखी ती गप्प होती. तिचे म्हणणे फक्त प्रेक्षकाने ऐकलेले असते. इतका वेळ कोर्टासोबत हसलेल्या माणसाकडेच नाटककाराने तिची एकमेव साक्ष सोपवलेली असते. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे तेंडुलकरांनी हे स्वगत लिहिले, असे नाट्यवर्तुळात सांगितले जाते. काही समीक्षकांना ते भावविवश वाटते. त्यातली वाक्ये अधूनमधून खरोखरच फुगलेली आहेत, पण ती कोणाला ऐकू येतात आणि कोणाला येत नाहीत यातच त्याची ताकद आहे, आणि तिथे तेंडुलकरांचा हात जराही चुकलेला नाही.

त्यानंतरचा निकाल म्हणजे पोटातले मूल नष्ट करण्याची आज्ञा. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे, मातृत्वाची थोरवी गाणारे कोर्ट भ्रूणहत्येचीच शिक्षा देते. लगेच बाहेरची मंडळी प्रयोगाची चौकशी करत दाराशी येते, सगळे भानावर येतात आणि हा नुसता खेळ होता अशी तिची समजूत घालू लागतात. पुतण्यासाठी घेतलेला कापडी पोपट सामंत तिच्याजवळ ठेवून जातो. संपूर्ण नाटकात तिला मिळालेली दया एवढीच.

‘रंगायन’ या नाट्यसंस्थेच्या मूळ प्रयोगात आणि सत्यदेव दुबे दिग्दर्शित चित्रपटात (१९७१) ही भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. भूमिकेतली मोठी अडचण पहिल्याच अंकात आहे. पुढचे सगळे ठाऊक असल्यामुळे अभिनेत्री आरंभापासूनच डोळ्यांत दुःख आणू लागली, तर प्रेक्षक सुरुवातीलाच तिचा कैवार घेतो, कोर्टाबरोबर हसत नाही, आणि स्वगताच्या वेळी त्याच्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. तिथे बेणारे खट्याळ, उतावळी, थोडी आगाऊ दिसावी लागते, आणि तिच्या नकलांना सभागृहातून खळखळून हशा यावा लागतो.