थंड प्लग, गरम प्लग आणि मधली शंभर वर्षं

इंजिनावर जादा हवा कोंबणारा टर्बो चढवला, मोठे इंजेक्टर बसवले, ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक रीमॅप करून घेतला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. स्पार्क प्लग इरिडियम धातूचे घ्यायचे की साधे? माझ्या मते इथे शेंडीपासून सुरुवात होते. धातूचा मुद्दा प्लगच्या इतिहासात सगळ्यात शेवटी आला, आणि निवड करतानाही तो शेवटीच घ्यावा. त्याआधी उष्णतेचं बघायचं, मग गॅपचं, म्हणजे ज्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते त्यांच्यातल्या अंतराचं.

पहिली चाळीस वर्षं भरभर उरकता येतात. एतिएन लेन्वार यांनी १८६० मध्ये गॅसवर चालणाऱ्या इंजिनात विजेच्या ठिणगीने मिश्रण पेटवलं. डाइमलर यांच्या सुरुवातीच्या इंजिनांत मात्र बर्नरने लाल तापवलेली नळी असायची, आणि तिथे पेट नेमका केव्हा घ्यायचा यावर कुणाचा ताबा नसे. १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात गोट्लोब होनोल्ड यांनी मॅग्नेटो, म्हणजे उच्च दाबाची वीज देणारं छोटं जनित्र, आणि त्याला जोडलेला प्लग अशी जोडी तयार केली आणि तो प्रश्न मिटला. मध्ये एक इलेक्ट्रोड, भोवती वीज अडवणारा इन्सुलेटर, बाहेर आटे पाडलेलं लोखंडी कवच, आणि कवचातून वळून इलेक्ट्रोडसमोर आलेली धातूची पट्टी. ही रचना आजही तीच आहे.

तिची खरी परीक्षा शर्यतींनी घेतली. चिनीमातीचे इन्सुलेटर उष्णतेने तडकायचे. केनेल्म ली गिनेस हे स्वतः शर्यतीत गाडी चालवणारे. १९२२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर त्यांनी ताशी २१५ किलोमीटरच्या आसपास वेग गाठून जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला. चिनीमातीच्या जागी अभ्रक वापरलेले प्लग त्यांनी बनवले, आणि ते त्यांच्या आद्याक्षरांनी, के.एल.जी. या नावाने ओळखले गेले. अभ्रक तडकत नसे, पण त्याला वेगळाच शत्रू भेटला. नॉकिंग, म्हणजे इंधन वेळेआधी आपसूक भडकून होणारी ठोठावणी, थांबवण्यासाठी १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळून विकलं जाऊ लागलं, आणि तापलेलं शिसं अभ्रक खायचं. १९३० च्या दशकात जर्मनीत सीमेन्सने आणि ब्रिटनमध्ये लॉजने भाजून घट्ट केलेलं अॅल्युमिना आणलं. प्लगवर आज दिसणारा पांढरा भाग त्याच घराण्यातला.

आता उष्णतेचं. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ते ८०० च्या पलीकडे गेलं, की ठिणगीची वाट न बघता टोकच मिश्रण पेटवतं. त्यातून पिस्टनला भोक पडतं. प्लगने या दोन आकड्यांच्या मध्ये राहायचं असतं. कवचाच्या आत इन्सुलेटरचं नाक लांब असेल, तर उष्णतेला सिलिंडर हेडपर्यंत पोचायला लांबची वाट पडते आणि टोक तापलेलं राहतं. हा झाला गरम प्लग. नाक आखूड असेल तर तो थंड. ठिणगीच्या जोराशी याचा काही संबंध नाही. ‘गरम प्लग म्हणजे दणकट ठिणगी’ हा गैरसमज अजूनही टिकून आहे.

ही ओढाताण सगळ्यात स्पष्ट दिसायची ती सुपरचार्जर लावलेल्या जुन्या ग्राँ प्री गाड्यांत. भर वेगात टिकेल असा थंड प्लग लावला, तर गार इंजिन सुरू करतानाच तो इंधनाने ओला होऊन बंद पडायचा. म्हणून मेकॅनिक आधी ‘मऊ’ म्हणजे गरम प्लग लावून इंजिन तापवत. मग ते बंद करून, पोळलेल्या बोटांनी एकेक प्लग काढून ‘कडक’ प्लग बसवत आणि गाडी रांगेत उभी करत. आज मॉडिफाय केलेली गाडी रोज ऑफिसला नेणाऱ्याची अडचण नेमकी हीच आहे. फरक इतकाच, की सिग्नलला थांबल्यावर प्लग बदलून द्यायला त्याच्याकडे कुणी नसतं. पुढे इलेक्ट्रोडच्या पोटात तांब्याची कांडी घातल्याने बराच दिलासा मिळाला. नाक लांब ठेवूनही उष्णता लवकर निघून जाऊ लागली, आणि एकच प्लग पूर्वीपेक्षा मोठा पल्ला सांभाळू लागला.

आकड्यांचा गोंधळही याच इतिहासातून आला आहे. बॉशच्या जुन्या पद्धतीत आकडा मोठा तर प्लग थंड, म्हणजे २२५ हा १७५ पेक्षा थंड. नंतर त्यांनी पद्धत बदलली आणि दिशाच उलटली. आता ५ हा ७ पेक्षा थंड. एनजीके आणि डेन्सो यांच्याकडे आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियनकडे आकडा वाढला की गरम. एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा साधारण २२. ‘एक नंबर वरचा टाक’ हा सल्ला कंपनीचं नाव न घेता दिला, तर नेमका नको तो प्लग हाती येऊ शकतो.

किती पायऱ्या थंड जायचं, यासाठी ‘दर ७५ ते १०० हॉर्सपॉवरमागे एक पायरी’ असा एक ठोकताळा सर्रास सांगितला जातो. मला तो अर्धवट वाटतो, कारण त्यात सिलिंडर मोजलेलेच नाहीत. आठ सिलिंडरांत वाढलेल्या १०० हॉर्सपॉवर म्हणजे प्रत्येकी साडेबारा, चार सिलिंडरांत त्याच पंचवीस. सुरुवातीला एकच पायरी थंड जावं, प्लग काढून बघावा, मग पुढचं ठरवावं.

गॅपचा नियम तर गाड्या धावू लागल्या त्याच काळातला. फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलं, की ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज वायूचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. टर्बोने एक बार बूस्ट, म्हणजे साधारण एका वातावरणाइतका जादा दाब, दिला की सिलिंडरमधली हवा जवळपास दुप्पट होते, आणि ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉईलवरचा भारही त्याच मानाने चढतो. तो पेलवला नाही, की भर बूस्टमध्ये गाडी अडखळते आणि मालक फ्युएल पंपाला दोष देत बसतो. अशा वेळी १.१ मिलिमीटरचा गॅप ०.७ वर आणला की तक्रार पुष्कळदा तिथेच संपते.

मग कारखान्याने १.१ ठेवला तरी कशाला? १९७५ मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि शिसंविरहित पेट्रोल आलं. धूर कमी करायला पातळ, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त असलेलं, मिश्रण जाळायचं होतं, त्यासाठी लांब ठिणगी हवी होती. जनरल मोटर्सने त्याच सुमारास इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणून काही इंजिनांत गॅप थेट दोन मिलिमीटरपर्यंत नेला. स्टॉक म्हणजे कारखान्याने दिलेला प्लग असा धूर, मायलेज आणि टिकाऊपणा यांचा हिशेब करून ठरलेला असतो. तुमचा टर्बो त्या हिशेबात नव्हता.

धातूची गोष्ट इथून सुरू होते. बारीक टोकावर कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते, पण बारीक केलेलं निकेल लवकर झिजतं. म्हणून १९८० च्या दशकात प्लॅटिनम पसरलं, आणि १९९७ मध्ये डेन्सोने अवघ्या ०.४ मिलिमीटरचं इरिडियमचं टोक आणलं. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम २४४६ ला. म्हणजे कॉईल कमी पडत असेल तिथे इरिडियम खरोखर कामाला येतं. नुसतं लावल्याने ताकद मात्र वाढत नाही. ‘कॉपर प्लग’ म्हणून विकला जातो त्याचंही टोक निकेलचंच असतं, तांबं फक्त पोटात. स्वस्त असल्याने तो वरचेवर बदलता येतो, आणि ट्यूनिंग चालू असताना मी तोच पसंत करीन. गॅप लावताना बाहेरची पट्टी वाकवायची. इरिडियमच्या सुईला तर गेज टेकवून जोर लावूच नये, ती मोडते.

प्लग वाचण्याच्या, म्हणजे वापरलेल्या प्लगच्या रंगावरून इंजिनाची हालत ओळखण्याच्या, जुन्या रंगतक्त्यांबद्दल एक सांगायला हवं. ते बरेचसे शिशाच्या पेट्रोलच्या काळातले आहेत. शिसं इन्सुलेटरवर लवकर रंग धरायचं, आजचं पेट्रोल तसा धरत नाही. त्यामुळे जाणकार ट्यूनर आता वाकलेल्या पट्टीकडे बघतात. ट्रॅकवर गाडी पूर्ण थ्रॉटलला ओढायची, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करायचं, प्लग काढून उजेडात धरायचा. पट्टीवर एका जागी रंग पालटल्याची रेघ दिसते. ती वळणाच्या आसपास असेल तर प्लग जमला. पट्टीच्या टोकाकडे असेल तर प्लग जास्तच थंड आहे. आट्यांच्या दिशेने खाली उतरली असेल, तर आणखी एक पायरी थंड प्लग लावल्याशिवाय पुढचा बूस्ट चढवू नये.