आवाजाच्या नळाला आणखी एक तोटी

लिनक्सवर पहिल्यांदा मी एका ऑनलाइन व्याख्यानाचा आवाज टिपला, तो चक्क स्पीकरसमोर माइक धरून. नंतर ऐकलं तर व्याख्याते लांब कुठेतरी आणि लॅपटॉपचा पंखा अगदी कानाशी. सगळा द्राविडी प्राणायाम! संगणकात आकड्यांच्या रूपात असलेला आवाज आधी हवेत सोडायचा, मग हवेतून आत घेऊन पुन्हा त्याचे आकडे करायचे. खरं तर तो बाहेर पडण्याआधीच आतल्या आत धरता येतो.

ब्राउझरमधला आवाज थेट साउंड कार्डाकडे जात नाही. कार्डाशी बोलायचं काम कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, 'आल्सा' ही यंत्रणा करते; २००३च्या २.६ कर्नलपासून ती लिनक्समध्येच आहे. तिच्यावर बसतो साउंड सर्व्हर. तो बरीच वर्षं पल्सऑडिओ होता. अलीकडे बहुतेक ठिकाणी पाइपवायर असतो. ब्राउझर, गाण्यांचा प्लेअर, सूचनांची टिंगटिंग असे सगळे प्रवाह सर्व्हरकडे येतात आणि तो ते एकत्र करतो. एकत्र करतो म्हणजे शब्दशः बेरीज करतो. प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला साधारण ४८,००० आकडे, आणि प्रत्येक क्षणाचे आकडे एकमेकांत मिळवायचे, बस.

ही बेरीज जिथे जाऊन पडते त्याला म्हणतात 'सिंक'. आपल्याला हवी ती गोष्ट इथेच आहे: प्रत्येक सिंकला सर्व्हर आपणहून एक 'मॉनिटर' जोडून देतो. नळाला बाजूने दुसरी तोटी बसवावी तसा. स्पीकरकडे जाणारे आकडे जसेच्या तसे या तोटीतूनही मिळतात, आणि रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला ती एखाद्या माइकसारखीच दिसते.

फक्त ती निवडावी लागते, आणि नवखा माणूस हमखास अडतो तो इथेच. ऑडॅसिटीसारखा प्रोग्राम सहसा खरा माइकच धरून बसतो. ते बदलायला पॅव्हूकंट्रोल हा आवाजाच्या वाटा ठरवणारा प्रोग्राम उघडावा, तर त्यातला 'रेकॉर्डिंग' टॅब रिकामा! कारण त्यात फक्त त्या क्षणी चालू असलेली रेकॉर्डिंग दिसतात. आधी रेकॉर्डिंग सुरू करायचं, मग टॅबकडे यायचं आणि माइकच्या जागी 'मॉनिटर ऑफ' असं नाव असलेला पर्याय निवडायचा. पट्टी नाचू लागली की समजावं, जमलं.

मॉनिटर बेरजेनंतरचा आवाज देतो, त्यामुळे मधेच आलेल्या निरोपाची टिंगसुद्धा इमानेइतबारे नोंदली जाते. एकदा बेरीज झाली की त्यातून टिंग वजा करणं जवळपास अशक्य. त्यापेक्षा पाइपवायरवर क्यूपीडब्ल्यूग्राफ हा आवाजाच्या जोडण्या दाखवणारा प्रोग्राम उघडावा. पडद्यावर चौकटी दिसतात: ब्राउझरची एक, स्पीकरची एक, रेकॉर्डरची एक. ब्राउझरच्या चौकटीला 'एफएल' आणि 'एफआर' अशी दोन टोकं असतात, म्हणजे पुढचा डावा आणि पुढचा उजवा चॅनेल. तिथून माउसने रेकॉर्डरपर्यंत दोन तारा ओढायच्या, रेकॉर्डरला आधीपासून लागलेल्या बाकी तारा काढून टाकायच्या. आता टिंग स्पीकरवर वाजेल, फाइलमध्ये येणार नाही.

व्हिडिओच्या खिडकीतला आवाज मात्र पूर्ण ठेवावा. ती पट्टी खाली ओढणं म्हणजे प्रत्येक आकडा लहान करणं. लाटेची उंची निम्मी झाली की १६ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा सोळा अंकांच्या, नोंदीतला एक बिट वाया गेला.

इतकं करूनही हाती येतो तो मूळ ऐवज नव्हे. नेटवरून आवाज ओपस किंवा एएसी अशा दाबलेल्या रूपात येतो. ब्राउझर तो उलगडतो आणि मॉनिटरला मिळतात ते उलगडलेले आकडे. दोन चॅनेल, प्रत्येक आकडा १६ बिटांचा, सेकंदाला असे ४८,००० आकडे, म्हणजे मिनिटाला साडेअकरा मेगाबाइट. तोच आवाज सेकंदाला १२८ किलोबिटच्या ओपसमध्ये एक मेगाबाइटही भरत नाही. उलगडलेला आवाज पुन्हा एमपीथ्रीत दाबला की दर्जा दुसऱ्यांदा घसरतो. फाइलवर ३२० किलोबिट लिहिलं म्हणून गेलेलं परत येत नाही.

म्हणून उतरवून घ्यायची परवानगी असलेल्या व्हिडिओसाठी मी मॉनिटरच्या वाटेला जातच नाही. अनेक साइटवर चित्र आणि आवाज मुळातच वेगवेगळ्या प्रवाहांत येतात. वायटी-डीएलपी हा व्हिडिओ उतरवून घेणारा प्रोग्राम त्यातला आवाजाचा प्रवाह तेवढा आणतो. आणि व्हिडिओची फाइल आधीच हाताशी असेल तर एफएफएमपेग या फाइलींचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रामला 'चित्र सोड, आवाज न उलगडता कॉपी कर' असं सांगता येतं. तासाभराचं व्याख्यान काही सेकंदांत वेगळं होतं, एकही बिट न बदलता.

मॉनिटर लागतो तो थेट प्रक्षेपणासाठी. तिथे तासाच्या आवाजाला तास द्यावाच लागतो, आणि नेट अडखळलं तर ती शांतताही नोंदली जाते. त्या वेळी घर झोपलेलं असेल तर 'नल' (म्हणजे रिकामा) सिंक कामाला येतो: कुठल्याच स्पीकरला न जोडलेला, निव्वळ सॉफ्टवेअरमधला सिंक. नावात नल असला तरी हा नळ कुठेच उघडत नाही. ब्राउझरचा आवाज त्याच्याकडे वळवायचा आणि त्याच्या मॉनिटरवरून टिपायचा. खोलीत कुणाला काही ऐकू येत नाही, फाइल मात्र भरत राहते.