अलगीकरण की विलगीकरण? एका घोळाची पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी थांबवलेल्यांच्या डाव्या पंजाच्या मागच्या बाजूला शाईचा शिक्का उमटू लागला, त्यामागचा साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. मूळ कलमे चारच. दुसऱ्या कलमात रेल्वेने किंवा अन्य मार्गाने येणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांना इस्पितळात, तात्पुरत्या निवाऱ्यात ‘किंवा अन्य प्रकारे’ वेगळे ठेवण्याचा अधिकार आहे. आजारी माणूस आणि त्याच्या संपर्कातला धडधाकट माणूस यांत त्या कलमाने भेद केलेला नाही. किती दिवस ठेवायचे, तेही सांगितलेले नाही.

लागण झालेल्याला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. संपर्क आला, पण लक्षणे नाहीत, अशाला मुदतभर नजरेखाली ठेवणे म्हणजे अलगीकरण. कोरोनाकाळात ‘गृह विलगीकरण’ हा शब्द सर्रास दोन्हींसाठी चालला, आणि दिवसांचा हिशेब तिथेच चुकला. अलगीकरणाचे १४ दिवस शेवटच्या संपर्कापासून धरायचे. सौम्य रुग्णाचे मोजमाप वेगळे: मे २०२० च्या नियमाप्रमाणे लक्षणे सुरू झाल्यापासून १० दिवस, त्यांतले शेवटचे ३ बिनतापाचे, मग घरी आणखी ७. एका खोलीच्या घरात रुग्ण तिथेच राहिला, तर बाकीच्यांचा पहिला दिवस रोज पुढे सरकतो. अलगीकरण केंद्रातही तेच. चौघांच्या खोलीतला एक नवव्या दिवशी बाधित निघाला, की उरलेल्या तिघांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एका दिवशी आलेल्यांनाच एका खोलीत ठेवायचे, आणि अहवाल न आलेल्याला बाधितांच्या खोलीत मुळीच टाकायचे नाही; नाहीतर निरोगी माणूस तिथेच लागण घेतो.

१८९७ च्या पुण्यात दोन जागा होत्या खऱ्या, रुग्णांना प्लेगचे इस्पितळ आणि घरच्यांना छावणी. घरझडतीला मात्र गोरे सोजीर. त्या झडत्यांचा संताप पुढे कुठवर गेला, ते सर्वश्रुत आहे. घरे कार्बोलिक या जंतुनाशकाने धुतली, जमिनी उकरल्या, चुना फासला. गाठीचा प्लेग सहसा रोग्याकडून नव्हे, उंदरावरच्या पिसवांमुळे होतो. हे कराचीत १८९८ मध्ये मांडले गेले, पण सर्वमान्य व्हायला दशक उलटले. छावणीचा जो काही उपयोग झाला, तो माणसे पिसवांच्या घराबाहेर पडली म्हणून. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, ही खेड्यांची रीत सरकारी झडतीपेक्षा शहाणी होती.

कायदा पुढे जवळजवळ तसाच राहिला. २०२० च्या दुरुस्तीत मात्र त्यात प्रथमच व्याख्यांचे कलम आले. ‘हिंसक कृत्य’, ‘आरोग्यसेवा कर्मचारी’ आणि ‘मालमत्ता’ यांच्या व्याख्या त्यात आहेत. अलगीकरणाची नाही, विलगीकरणाचीही नाही.